उत्तर उमेदवाराचे, अक्षर लेखनिकाचे

फेब्रुवारी लागला की व्हॉट्सॲपच्या ग्रुपांवर एक निरोप फिरू लागतो. 'दहावीच्या अंध मुलासाठी रायटर हवा आहे. नववीतला किंवा त्याखालचा, मराठी माध्यमाचा, सगळ्या पेपरांना येऊ शकणारा.' खाली आईचा किंवा शिक्षकांचा फोन नंबर असतो. बहुतेक जण तो निरोप आणखी दोन ग्रुपांवर टाकतात आणि कामाला लागतात. त्या नंबरवर फोन केला तर पुढे काय होते, लेखनिक म्हणून बसायचे म्हणजे नेमके काय करायचे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. मी हे काम बरीच वर्षे करत आले आहे, नव्या लेखनिकांना शिकवतही आले आहे. 'तुम्ही किती पुण्याचं काम करता' असे लोक प्रेमाने म्हणतात, पण ते मला पटत नाही. लेखनिक हा उमेदवाराचा हक्क आहे आणि लेखनिकी हे शिकून घ्यायचे काम आहे. मन चांगले आणि तयारी कच्ची असेल, तर नुकसान समोरच्या मुलाचे होते.

आधी हक्काचे बोलू. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 मध्ये मंजूर झाला आणि 19 एप्रिल 2017 पासून लागू झाला. त्याच्या कलम 17 मध्ये परीक्षापद्धतीत योग्य ते बदल करण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे आणि जादा वेळ व लेखनिक यांचा उल्लेख तिथे स्पष्ट शब्दांत आहे. परीक्षागृहात हे कसे अमलात आणायचे ते केंद्र सरकारच्या 29 ऑगस्ट 2018 च्या मार्गदर्शक सूचनांत सविस्तर दिले आहे. अंध, दोन्ही हातांनी लिहू न शकणारे आणि सेरेब्रल पाल्सी असलेले उमेदवार यांनी मागितल्यास लेखनिक द्यायचाच. इतर प्रकारच्या अपंगत्वात लिहिता येत नाही असा दाखला लागतो. तो जिल्हा शल्यचिकित्सक किंवा त्या दर्जाचा सरकारी वैद्यकीय अधिकारी ठराविक नमुन्यात देतो. तेव्हा पेपर जवळ आल्यावर सिव्हिल हॉस्पिटलच्या रांगेत उभे राहण्यापेक्षा दिवाळीच्या सुट्टीतच तो काढून ठेवलेला बरा.

या सूचना 40 टक्के आणि त्याहून अधिक अपंगत्व असलेल्यांसाठी होत्या. मग ज्याचे अपंगत्व कागदावर तेवढे भरत नाही, पण हातात पेन धरले की बोटे आखडतात, त्याने काय करायचे? असाच एक उमेदवार संघ लोकसेवा आयोगाच्या विरोधात सर्वोच्च न्यायालयात गेला. विकास कुमार विरुद्ध संघ लोकसेवा आयोग या खटल्याचा निकाल 11 फेब्रुवारी 2021 रोजी लागला. लेखनिकाचा हक्क 40 टक्क्यांच्या रेषेला बांधलेला नाही, असे न्यायालयाने सांगितले. सवलतीचा कोणी गैरवापर करील या भीतीने खऱ्या गरजवंताला ती नाकारता येणार नाही, हेही बजावले. त्यानंतर 10 ऑगस्ट 2022 रोजी 40 टक्क्यांखालच्यांसाठी वेगळ्या सूचना निघाल्या. सूचना बदलत असतात, म्हणून ज्या वर्षी परीक्षा द्यायची त्या वर्षीचे, त्या परीक्षेचे परिपत्रक छापून फाइलला लावावे. तोंडी सांगितलेला नियम परीक्षेच्या सकाळी उपयोगी पडत नाही.

आता लेखनिक शोधण्याकडे येऊ. 2018 च्या सूचनांप्रमाणे लेखनिक दोन वाटांनी मिळतो. परीक्षा घेणारी संस्था आपल्या यादीतून देते किंवा उमेदवार स्वतःचा आणतो. स्वतःचा आणला तर त्याचे शिक्षण उमेदवारापेक्षा एक पायरी खालचे हवे. हेतू सरळ आहे. उत्तर उमेदवाराच्या डोक्यातून यावे, लेखनिकाच्या नव्हे. पण या नियमाचा भार कुणाच्या खांद्यावर पडतो तेही पाहा. दहावीच्या मुलाला नववीतला लेखनिक हवा, आणि नववीतल्या मुलाला त्याच सुमारास स्वतःच्या वार्षिक परीक्षेची तयारी असते. त्याच्या आईवडिलांना वाटते, आपल्या मुलाचा अभ्यास बुडेल. होकार आदल्या रात्री फिरतो. वर्षभर ब्रेलमधून इतिहास पाठ केलेली मुलगी मग परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात उजळणी करायची सोडून फोन फिरवत बसते. ही धावपळ तिच्या वाट्याला येऊच नये असे मला मनापासून वाटते. शाळांनी आणि कॉलेजांच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या पथकांनी जूनमध्येच लेखनिकांची यादी करावी आणि प्रत्येक उमेदवारामागे एक राखीव नाव ठेवावे. आयत्या वेळी लेखनिक बदलण्याची मुभा आणि वेगवेगळ्या विषयांना वेगळा लेखनिक घेण्याची सोय सूचनांत आहे. पुष्कळ केंद्रांवर मात्र ती कोणी वाचलेली नसते.

लेखनिक संस्थेने दिलेला असेल तर परीक्षेच्या दोन दिवस आधी उमेदवाराला त्याला भेटून तो जमतो का ते पाहता येते. ही भेट वाया घालवू नये. ओळख झाली, चहा झाला, एवढ्यावर ती संपते आणि मग पेपरात पहिला अर्धा तास एकमेकांची भाषा कळण्यात जातो. भेटीत जुनी प्रश्नपत्रिका घ्यावी आणि खरोखरच एक-दोन उत्तरे लिहून पाहावीत. उमेदवार किती वेगाने सांगतो, कुठे थांबतो, 'खोड' म्हणजे शेवटचा शब्द की अख्खे वाक्य, हे तिथेच ठरवून घ्यायचे. सेरेब्रल पाल्सी असलेल्या कित्येकांचे उच्चार नव्या माणसाला चटकन कळत नाहीत. तासभर ऐकले की कान सरावतो. तो तास भेटीत काढला नाही तर पेपरातून जातो. न कळल्यास 'कळले नाही, परत सांग' असे म्हणायला लाजू नये. अंदाजाने लिहिलेला शब्द हा दुसऱ्याच्या पेपरातला आपला शब्द होतो.

पेपर हातात आला की आधी सगळा वाचून दाखवायचा. सूचना, गुण, पर्यायी प्रश्न, सगळे. डोळस मुलगा पानावर नजर फिरवतो आणि कोणता प्रश्न आधी घ्यायचा ते ठरवतो. अंध मुलाला ती नजर आपल्या आवाजातून मिळते. म्हणून वाचन सपाट असावे, गोड किंवा नाटकी नको. बहुपर्यायी प्रश्नात याचे महत्त्व फार. बरोबर पर्यायावर आवाज नकळत किंचित चढतो किंवा त्याच्यानंतर आपण क्षणभर थांबतो. चुणचुणीत मुलाला ते लगेच कळते. चारही पर्याय एकाच सुरात, एकाच गतीने वाचायची सवय घरी आरशासमोर बसून करावी. उताऱ्यावरचे प्रश्न असतील तर आधी प्रश्न वाचू की उतारा, हे उमेदवाराला विचारावे. प्रत्येकाची पद्धत वेगळी असते.

त्यानंतर सांगणे आणि लिहिणे. खरी कारागिरी इथे आहे. मराठीच्या पेपरात शुद्धलेखन मोजले जाते आणि वेलांट्या-उकार मात्र लेखनिकाच्या हातात असतात. मुलगी म्हणते 'परिस्थिती'. लेखनिक 'परीस्थिति' लिहितो. परीक्षकाला लाल शाईची रेघ मारण्यावाचून पर्याय नसतो आणि चूक कोणाची हे त्याला कधीच कळत नाही. म्हणून शंका येणाऱ्या शब्दाला थांबून विचारायचे: 'पहिली वेलांटी की दुसरी?' ती सांगेल तेच लिहायचे. तिने चुकीची सांगितली तरी तीच. ब्रेल शिकलेल्या मुलांना याचे उत्तर लगेच देता येते, कारण भारती ब्रेलमध्ये ऱ्हस्व इकाराचे आणि दीर्घ ईकाराचे ठिपके वेगळे आहेत. बोटांना तो फरक रोज लागत असतो. फक्त ध्वनिमुद्रित पुस्तके ऐकून शिकलेल्या मुलाला 'कवि' आणि 'कवी' सारखेच ऐकू येतात. मोबाइल बोलू लागल्यापासून ब्रेलची गरज संपली असे म्हणणाऱ्यांनी एकदा मराठीच्या पेपराला लेखनिक म्हणून बसून पाहावे.

विरामचिन्हे आणि परिच्छेद तोंडी सांगायची सवय उमेदवारालाही करावी लागते. 'नवा परिच्छेद. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाने, स्वल्पविराम...' असे सांगणे सुरुवातीला अवघड जाते, पण सरावाने जमते. वाक्य पूर्ण सांगायचे, मग थांबायचे, लेखनिकाने 'हं' म्हटले की पुढचे. काही मुले शब्द शब्द तोडून सांगतात आणि त्यात विचाराचा धागा सुटतो. उलट, लेखनिकाने लिहिता लिहिता पुढचे शब्द हळू आवाजात परत म्हटले तर मुलाचे ऐकणे आणि विचार करणे एकाच वेळी चालू राहते. पान संपले की विचारायचे, 'वाचून दाखवू?' लिहिलेले त्याला दिसत नाही, पण ते तपासण्याचा त्याचा हक्क आहेच.

गणितात तर ठरलेल्या खुणांशिवाय गाडी चालतच नाही. मुलगा म्हणतो, 'ए अधिक बी छेद दोन.' यात दोनने फक्त बी भागायचा की ए आणि बीची बेरीज भागायची? कानाला दोन्ही सारखेच. म्हणून ठरवून घ्यायचे: 'अंशात ए अधिक बी, छेदात दोन, अपूर्णांक संपला.' दहावीला वर्गसमीकरणाचे सूत्र असते. ते असे सांगायचे: 'अंशात उणे बी, अधिक-उणे, वर्गमूळ सुरू, बी वर्ग उणे चार ए सी, वर्गमूळ संपले, छेदात दोन ए.' ही 'सुरू' आणि 'संपले' यांची जोडी विसरली की वर्गमुळाची आडवी रेघ कुठवर न्यायची ते नववीतल्या लेखनिकाला कळत नाही. त्याने ते सूत्र अजून पाहिलेलेच नसते, आणि तो पायरीने खालचा असावा हा तर नियमच आहे! मग सूत्र नव्हे, पण चिन्हे त्याला आधी शिकवावी लागतात. हा सराव निदान महिनाभर आधी सुरू व्हावा.

कच्चे काम उमेदवाराला स्वतः करता येते. टेलर फ्रेम ही गणिताची पाटी आहे. तिच्यावर अष्टकोनी खाचा असतात आणि त्यांत छोटे खिळे वेगवेगळ्या दिशांना ठेवले की वेगवेगळे अंक होतात. बोटांनी वाचत बेरीज-गुणाकार करायचा. कॅल्क्युलेटर चालतो तिथे बोलका कॅल्क्युलेटर, ब्रेल पाटी, ॲबॅकस, उठावाच्या खुणा असलेली भूमितीची साधने, हे सगळे वापरण्याची परवानगी सूचनांत आहे. लेखनिकाने एवढेच पाळायचे की उत्तरपत्रिका उलटताना पाटीला धक्का लागता कामा नये. खिळे हलले तर दहा मिनिटांचे काम जाते. आकृत्या आणि नकाशांच्या जागी अंध उमेदवाराला पर्यायी प्रश्न द्यायचे असतात. पेपर हातात येताच ते प्रश्न आहेत का हे पाहावे, नसतील तर त्याच वेळी विचारावे.

नव्या लेखनिकाला सगळ्यात जड जाणारी गोष्ट म्हणजे चुकीचे उत्तर लिहिणे. समोरची मुलगी सांगते, 'सत्यशोधक समाजाची स्थापना 1875 साली झाली.' आपल्याला 1873 माहीत आहे. हात थबकतो. तिने वर्षभर किती कष्ट घेतले हेही आपल्याला माहीत असते. तरी 1875 च लिहायचे, चेहऱ्यावर आणि श्वासात काही न आणता. तिला मिळालेला प्रत्येक गुण तिचा आहे असे उद्या तिला कोणालाही ताठ मानेने सांगता आले पाहिजे. आपण एक साल दुरुस्त केले की तिच्या बाकीच्या सगळ्या बरोबर उत्तरांवर शंका येते. दया दाखवून आपण तिच्याकडून तेवढे हिरावून घेतो. उलट टोकाचे वागणेही तितकेच वाईट. तिने सांगितलेले लांब उत्तर 'एवढं कशाला' म्हणून आखूड करणे, उदाहरणे गाळणे. आपला हात दुखतो हे तिचे गुण कमी होण्याचे कारण असू शकत नाही. हात दुखला तर सांगून मिनिटभर थांबावे.

वेगाचा प्रश्न मोठ्या परीक्षांत आणखी तीव्र होतो. उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांचे उदाहरण महाराष्ट्राला माहीत आहे. 2016 मध्ये लागलेल्या नागरी सेवा परीक्षेच्या निकालात त्या 773 व्या आल्या आणि दृष्टी नाही म्हणून रेल्वेने त्यांना नेमणूक दिली नाही. पुढच्याच वर्षी त्या 124 व्या आल्या आणि भारतीय प्रशासकीय सेवेत गेल्या. त्या परीक्षेच्या मुख्य टप्प्यावर तीन-तीन तासांचे वर्णनात्मक पेपर असतात. तिथे सांगणाऱ्याचा विचार आणि लिहिणाऱ्याचा हात यांचा मेळ बसला नाही, तर कितीही तयारी कागदावर उतरत नाही.

जादा वेळेबद्दल पर्यवेक्षकांच्याच मनात पुष्कळ गैरसमज असतात. 2018 च्या सूचनांनुसार लेखनिक घेणाऱ्याला तासाला किमान 20 मिनिटे भरपाईचा वेळ आहे. दहावीचा भाषेचा पेपर 3 तासांचा, त्याला 1 तास. गणित किंवा विज्ञानाचा 2 तासांचा, त्याला 40 मिनिटे. लेखनिक न घेता स्वतः लिहिणाऱ्या दिव्यांग उमेदवारालाही 3 तासांच्या पेपराला किमान 1 तास देण्याची तरतूद आहे. 'लेखनिकही हवा आणि वेळही हवा?' असे विचारणाऱ्याने पेपर चालू असताना पाहावे. प्रश्न मोठ्याने वाचायचा, लक्षात ठेवायचा, विसरला तर परत वाचून घ्यायचा, उत्तर मनात जुळवायचे, वाक्य सांगायचे, वेलांटी सांगायची, लिहून होईपर्यंत थांबायचे, परत ऐकायचे. डोळस मुलगा यातल्या निम्म्या गोष्टी करतच नाही. वाया जाणारा हा वेळच भरून दिला जातो, वर काही दिले जात नाही.

पण तो वेळ कसा दिला जातो? तिसऱ्या तासाची घंटा होते. इतर मुले गलका करत बाहेर पडतात. व्हरांड्यात बाके ओढली जातात, शेजारच्या टेबलावर उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बांधायला सुरुवात होते. कोणीतरी पंखा बंद करून जातो. दर पाच मिनिटांनी दारातून विचारणा येते, 'झालं का?' कागदावर तास पूर्ण दिलेला असतो, आणि मुलाने त्यातला निम्मा घाबरून घालवलेला असतो. या उमेदवारांना तळमजल्यावरची, गडबडीपासून दूरची खोली द्यावी, आणि एका खोलीत एकच जोडी असावी. दोन जोड्या असल्या की एकाचे उत्तर दुसऱ्याच्या कानावर जाते आणि दोघेही कुजबुजू लागतात. शेवटच्या मिनिटापर्यंत तिथे बसण्याची ज्याची तयारी आहे, असा पर्यवेक्षक तिथे नेमावा.

पर्यवेक्षकाच्या बोलण्याचेही सांगायला हवे. तो खोलीत येतो आणि लेखनिकाला विचारतो, 'याचा बैठक क्रमांक काय? याला पाणी हवंय का?' उमेदवार तिथेच बसलेला असतो, ऐकतही असतो. लेखनिकाने अशा वेळी उत्तर देऊ नये, उमेदवाराकडे पाहावे आणि थांबावे. दुसऱ्यांदा प्रश्न बरोबर माणसाला जातो. सहीचेही तसेच. कार्डाच्या तुकड्यात सहीपुरती खाच पाडून ती कागदावर ठेवली की अनेक अंध उमेदवार व्यवस्थित सही करतात. विचारल्याशिवाय त्यांच्यासमोर शाईचा पॅड सरकवू नये.

लेखनिक हाच एक मार्ग आहे असेही नाही. ब्रेल, मोठा टाइप, संगणक, उत्तरे ध्वनिमुद्रित करणे, असे पर्याय सूचनांत आहेत. एनव्हीडीएसारखे स्क्रीन वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर मोफत मिळते आणि देवनागरी टंकलेखन शिकलेला विद्यार्थी त्यावर स्वतःचा पेपर स्वतः लिहू शकतो. वेलांटी त्याची, खाडाखोड त्याची. मला विचाराल तर पुढची दिशा हीच आहे. शाळांनी सहावी-सातवीपासून टंकलेखन शिकवावे. पण केंद्रावरचा संगणक आदल्या दिवशी तपासायला मिळाला पाहिजे. आवाज येतो का, मराठी कळफलक आहे का, वीज गेली तर काय, हे पेपराच्या सकाळी कळून उपयोग नाही. तोवर, आणि ज्यांना कळफलकही चालवता येत नाही त्यांच्यासाठी नंतरही, लेखनिक लागणारच.

सगळे करूनही केंद्रावर अडवणूक झाली तर? सरकारी आस्थापनांमध्ये तक्रार निवारण अधिकारी असला पाहिजे, असे कायद्याचे कलम 23 सांगते. राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे पुण्याला दाद मागता येते. कायद्याच्या पहिल्या उल्लंघनाला 10,000 रुपयांपर्यंत दंड आहे. पण या वाटा नंतरच्या आहेत. सप्टेंबर 2021 च्या नीट परीक्षेत लिहिण्याची अडचण असलेल्या एका विद्यार्थिनीला तिचा हक्काचा एक तास मिळालाच नाही आणि उत्तरपत्रिका काढून घेतली गेली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. 23 नोव्हेंबर 2021 च्या निकालात तिच्यावर अन्याय झाल्याचे न्यायालयाने मान्य केले आणि तो कसा दूर करता येईल याचा विचार करायला परीक्षा घेणाऱ्या संस्थेला सांगितले. फेरपरीक्षेचा आदेश मात्र दिला नाही.

म्हणून वेळ कापला जातोय असे दिसताच, पेपर चालू असतानाच, केंद्रसंचालकांना बोलावून घ्यावे. परिपत्रक फाइलमधून काढून त्यांच्या हातात द्यावे. तरीही ऐकले नाही तर केंद्र सोडण्याआधी एका कागदावर लिहून द्यावे: प्रश्नपत्रिका किती वाजता मिळाली, उत्तरपत्रिका किती वाजता काढून घेतली, भरपाईची किती मिनिटे मिळाली नाहीत, खोलीत पर्यवेक्षक कोण होते. उमेदवाराची आणि लेखनिकाची सही करावी, दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी आणि मगच फाटकाबाहेर पडावे.